जुन्या टर्बो गाडीचे तापमान कमी करायचे असेल, तर थर्मोस्टॅटला हात सर्वांत शेवटी लावावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २००५ सालची ऑक्टाव्हिया आरएस, इंजिन १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप केलेला, म्हणजे जादा ताकदीसाठी त्याची आज्ञावली बदललेली, आणि पुढच्या बंपरमागे मूळपेक्षा मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) बसवलेला. एप्रिल लागल्यापासून नागपुरातल्या सीताबर्डी ते सदर या गर्दीच्या पट्ट्यात एसी लावून गाडी चालवली की तापमानाचा काटा ९० सोडून वर सरकतो आणि वर्धा रोडला मोकळा रस्ता मिळाला की पुन्हा जागेवर येतो. एका मेकॅनिकने थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे फिरू देणारी झडप) काढूनच टाका असे सांगितले, दुसऱ्याने ७१ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट बसवू असे सुचवले. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, आज यांपैकी कोणाचेही ऐकू नये. आपण सांगितलेली लक्षणे थर्मोस्टॅटकडे नव्हे, तर पंख्यांकडे आणि हवेच्या वाटेकडे बोट दाखवतात.

थर्मोस्टॅटचे काम नेमके काय आहे हे आधी स्पष्ट झाले पाहिजे, कारण उन्हाळा आला की आपल्याकडे सर्वांत आधी त्याचाच बळी जातो. थर्मोस्टॅट इंजिनाच्या तापमानाची खालची मर्यादा ठरवतो. वरची मर्यादा ठरते ती रेडिएटर, पंखे, वॉटर पंप आणि रेडिएटरच्या जाळीतून जाणारी हवा यांच्या एकत्रित ताकदीवर. आपल्या इंजिनातला मूळ थर्मोस्टॅट सुमारे ८७ अंशांना उघडू लागतो आणि सुमारे १०२ अंशांना पूर्ण उघडतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाण्याचे मिश्रण, १०८ अंशांवर पोहोचलेले असताना ८७ चा थर्मोस्टॅट जेवढा उघडा असतो, तेवढाच ७१ चाही असतो. त्या क्षणी दोहोंत काहीही फरक उरत नाही. कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवल्याने गाडी खालच्या तापमानापासून वर चढू लागते, म्हणजे सिग्नलवर काही मिनिटे जास्त मिळतात, आणि त्या मिळालेल्या मिनिटांनाच लोक दुरुस्ती समजतात.

आता उष्णतेचे गणित पाहू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो हे मुख्यतः कूलंटचे तापमान आणि त्याच्या जाळीत शिरणाऱ्या हवेचे तापमान यांतील फरकावर अवलंबून असते. समजा, मे महिन्यातल्या दुपारी बाहेर ४६ अंश आहेत आणि इंटरकूलर व एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) ओलांडून रेडिएटरपर्यंत पोहोचेतो हवा आणखी १२ अंशांनी तापते, म्हणजे ती ५८ अंशांची होते. कूलंट ९५ अंशांवर असेल तर फरक उरतो ३७ अंशांचा. हीच गाडी जानेवारीच्या पहाटे बाहेर १२ अंश असताना चालवली आणि वाटेत हवा तेवढीच तापली असे धरले, तर फरक ७१ अंशांचा होतो. म्हणजे तोच रेडिएटर मे महिन्यात जवळजवळ निम्मेच काम करू शकतो. या परिस्थितीत कूलंट ८० अंशांवर ठेवण्याचा हट्ट धरला तर फरक फक्त २२ अंशांचा राहतो आणि तेवढीच उष्णता बाहेर टाकायला रेडिएटरची क्षमता सुमारे पावणेदोन पट असावी लागते. ७१ अंशांच्या थर्मोस्टॅटचा विचार तर नागपूरच्या उन्हाळ्यात निव्वळ कागदावरचा आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे, आणि ही नोंद सावलीतल्या हवेची असते. डांबरी रस्त्यावर, ट्रकच्या मागे, बंपरच्या उंचीवरची हवा याहून निश्चितच गरम असते.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी इंजिन खरोखर किती तापते हे मोजावे. आपल्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा काटा खरे तापमान दाखवत नाही. ढोबळमानाने ७५ पासून १०५ च्या आसपासपर्यंत तो ९० वरच स्थिर राहावा अशी त्याची रचनाच केलेली आहे, जेणेकरून चालक विनाकारण घाबरू नये. याचे दोन अर्थ होतात. काटा ९० वर आहे म्हणून सर्व ठीक आहे असे समजता येत नाही. आणि आपला काटा ९० सोडून वर गेला असेल, तर त्या वेळी कूलंट बहुधा १०५ च्या पुढे गेलेले होते. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (ईसीयूमधली माहिती वाचण्याच्या जोडणीला) एक साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर कूलंटचे आणि इनटेक हवेचे, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचे, तापमान पाहावे, शक्य असल्यास त्याची नोंद साठवावी.

स्कॅनरवरही आंधळा विश्वास ठेवू नये. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले, ते आकडे देशभर फिरले, आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरमधला दोष असल्याचे सांगितले. त्याच दिवशी शहरातल्या दुसऱ्या केंद्रावर ४४ च्या आसपासचा आकडा होता. गाडीतही असेच घडते. आपल्या इंजिनात कूलंटचा चार पिनांचा सेन्सर एकच असला तरी त्यात दोन स्वतंत्र घटक असतात, एक ईसीयूला माहिती देतो आणि दुसरा डॅशबोर्डच्या काट्याला. मूळ काळ्या रंगाचा सेन्सर बिघडण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती हिरव्या रंगाची मिळते. स्कॅनरचा आकडा आणि काटा यांच्यात विसंगती दिसली, किंवा रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि इनटेक हवा यांचे आकडे जवळपास सारखे नसले, तर आधी सेन्सर बदलावा. तो फार महाग नाही. इन्फ्रारेड गनने होज पाइपचे तापमान पाहणेही उपयोगी पडते, मात्र चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन चुकीचा, बहुधा कमी, आकडा देते, म्हणून मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा.

आकडे हातात आले की, तापमान कधी चढते यावरून दोष कुठे आहे हे बऱ्याच अंशी कळते. उभ्या गाडीत किंवा गर्दीत चढते आणि वेग मिळाला की उतरते, तर दोष हवेत आहे, म्हणजे पंखे किंवा जाळी. उलट शहरात ठीक असते पण समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने सलग चालवताना किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना वाढत जाते, तर दोष पाण्याच्या प्रवाहात किंवा रेडिएटरच्या क्षमतेत शोधावा. कधीही, कसेही, अचानक चढते आणि एक्सपान्शन टँकमधले (कूलंट भरायच्या टाकीतले) पाणी कमी होत राहते, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलची) तपासणी आधी करावी. टँकच्या तोंडाशी धरायची निळ्या द्रावाची चाचणी मिळते, ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत असतील तर तो द्राव पिवळा पडतो. आपली गाडी सरळ पहिल्या प्रकारात मोडते.

म्हणून पंख्यांपासून सुरुवात करू, आणि इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. या गाडीत रेडिएटरमागे विजेवर चालणारे पंखे असून त्यांना दोन वेग आहेत. रेडिएटरमधला थर्मोस्विच (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) साधारण ९२ ते ९७ अंशांच्या दरम्यान पहिला वेग सुरू करतो आणि ९९ ते १०५ च्या दरम्यान दुसरा. त्याखेरीज एसी सुरू केला की तापमान कितीही असले तरी पहिला वेग लगेच सुरू झाला पाहिजे. जुन्या गाड्यांत पहिल्या, कमी वेगासाठी वीज रोखून धरणारा रेझिस्टर जळतो आणि पहिला वेग गुपचूप बंद पडतो, दुसरा मात्र चालू राहतो. त्यामुळे मालकाला वाटते की पंखा चालतो, कारण त्याने तो कधीतरी जोरात फिरताना ऐकलेला असतो. प्रत्यक्षात कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवर येत असताना १०० अंशांपर्यंत जाळीतून हवाच ओढली जात नाही, आणि मग दुसरा वेग लागेपर्यंत इंजिन इतके तापलेले असते की त्याला खाली आणणे पंख्याच्या आवाक्यात राहत नाही. आपली लक्षणे वाचताना माझा पहिला संशय याच जागेवर आहे. तपासणी अगदी सोपी आहे: थंड गाडी सुरू करावी, एसी लावावा, बोनेट उघडून दोन्ही पंखे ताबडतोब फिरतात का ते पाहावे. हात मात्र आत घालू नये, कारण हे पंखे कोणत्याही क्षणी वेग बदलतात आणि इंजिन बंद केल्यावरही फिरू शकतात.

पंखा फिरतो एवढ्यावर समाधान मानू नये. वीस वर्षांच्या मोटरचे ब्रश झिजलेले असतात, अर्थिंगच्या जोडावर गंज चढलेला असतो, आणि बॅटरीपाशी १४ व्होल्ट असताना पंख्याच्या कनेक्टरवर ११ किंवा १२ च पोहोचतात. पंख्याचा वेग व्होल्टेजबरोबर पडतो आणि हवाही त्याच प्रमाणात कमी होते. म्हणून पंखा पूर्ण वेगात असताना थेट त्याच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावावा, आणि बॅटरीशी तुलना करता अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जाड वायर, नवा रिले आणि स्वच्छ अर्थ देऊन तो दूर करावा. बाहेरून आणलेला पंखा बसवला असेल तर तो योग्य दिशेने फिरतो का हेही पाहावे. वायरी उलट जोडल्याने हवा पुढच्या दिशेने फेकणारे पंखे मी एकाहून अधिक गाड्यांत पाहिलेले आहेत. जाळीसमोर कागदाचा तुकडा धरला तर तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे.

यानंतर हवेची वाट. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या अरुंद फटीत काय साचले आहे हे समोरून कधीच दिसत नाही. विदर्भात या जागी धूळ आणि किडे यांच्या जोडीला कापसाचे तंतू असतात. हंगामात कापसाने भरलेल्या गाड्यांच्या मागे वर्धा, यवतमाळच्या रस्त्यांवर काही महिने फिरलेल्या गाडीची जाळी उघडली तर आत अक्षरशः वाकळ निघते, आणि ती ओली होऊन वाळली की तिच्यातून हवा जात नाही. यावर उपाय म्हणजे पुढचा भाग सोडवून, कंडेन्सर एसीच्या पाइपांसह थोडा पुढे घेऊन, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या नळाच्या दाबाने जाळी धुणे. सर्व्हिसिंग सेंटरमधल्या प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि काम बिघडते. पूर्वीच्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, करता येत असे. आपल्या गाडीत ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या आहेत, त्यामुळे तो आतून चोंदला असेल तर नवा घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

जाळी स्वच्छ झाली तरी हवा तिच्यातूनच जाईल याची खात्री नसते. कंपनीने रेडिएटरच्या चारही बाजूंना स्पंजाच्या पट्ट्या आणि प्लॅस्टिकचे पडदे दिलेले असतात, आणि दोन-तीनदा पुढचा भाग उघडला गेला की ते हमखास गायब होतात. आपल्या घरच्या कूलरची एका बाजूची ताटी निघालेली असेल तर पंखा ओल्या वाळ्यातून हवा ओढण्याचे कष्ट घेत नाही, उघड्या बाजूनेच ओढतो. रेडिएटरचेही तसेच होते. गर्दीत उभ्या गाडीत तर याहून वाईट घडते, कारण पंख्याने मागे फेकलेली गरम हवा त्याच फटींतून फिरून पुन्हा पुढे येते आणि पुन्हा जाळीत शिरते. बंद पेशींच्या फोमच्या पट्ट्या आणून कंडेन्सर, रेडिएटर आणि चौकट यांच्यामधली प्रत्येक फट बंद करणे हे सर्वांत स्वस्त काम आहे, आणि माझ्या अनुभवात उभ्या गाडीच्या तापमानावर त्याचा परिणाम नव्या रेडिएटरइतकाच ठळक दिसतो. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आवरण ‘उष्णता कोंडते’ म्हणून काढून टाकलेले असेल तर तेही परत बसवावे. वेगात त्या आवरणामुळे इंजिनाखाली कमी दाब टिकतो आणि जाळीतून आलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट मिळते.

आता आपल्या मोठ्या इंटरकूलरविषयी, कारण तो या प्रकरणात निर्दोष नाही. मूळ गाडीत इंटरकूलर बाजूला, चाकाच्या कमानीपुढे असतो आणि रेडिएटरच्या वाटेत येत नाही. तो काढून समोर रुंद इंटरकूलर लावला की टर्बोतून येणारी हवा अधिक थंड होते, नॉक (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी पेटून होणारी ठोक) कमी होतो, रीमॅपचा पूर्ण लाभ मिळतो. पण इंटरकूलरने बाहेर टाकलेली सगळी उष्णता रेडिएटरच्याच पुढ्यात पडते आणि हवेचा वेगही घटतो. इंटरकूलर काढा असे मी म्हणणार नाही. मात्र तो कंडेन्सरला चिकटून बसवलेला असेल तर मधे दोन-तीन सेंटिमीटरची जागा ठेवावी, त्याच्या वरून आणि खालून हवा थेट रेडिएटरकडे जाईल असे पत्र्याचे मार्ग करावेत, आणि बंपरच्या खालच्या जाळीसमोर नंबर प्लेट किंवा जादा दिवे बसवले असतील तर ते हलवावेत. जाड गाभ्याचा ॲल्युमिनियम रेडिएटर घेण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी सांगतो: गाभा जितका जाड, तितकी हवा ओढायला पंख्याला अधिक ताकद लागते. पंखे अशक्त ठेवून जाड रेडिएटर घातला, तर महामार्गावर गाडी थंड आणि शहरात पूर्वीपेक्षा गरम, असा उलटा निकाल मिळतो.

पाण्याच्या बाजूला लक्ष देण्यासारखी मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे वॉटर पंप. या इंजिनाच्या पंपाला अनेक वर्षे प्लॅस्टिकचा इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) दिला जात असे. कालांतराने तो ठिसूळ होतो, त्याला तडा जातो किंवा तो दांड्यावर सैल होतो. दांडा फिरतो, इंपेलर फिरत नाही, आणि बाहेरून गळती नसल्याने कोणाला काही कळत नाही. पंप टायमिंग बेल्टने चालतो, म्हणून बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि धातूच्या इंपेलरचा पंप हे सर्व एकदमच बदलावे. आपल्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती सापडत नसेल तर तापमानाचा प्रश्न नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

कूलंटच्या बाबतीत आपल्याकडे दोन टोके दिसतात. एकीकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालणारे आहेत. नागपूर परिसरातल्या बहुतेक बोअरचे पाणी जड आहे, ते गरम होताच धातूवर क्षार बसवते, आणि क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो. दुसरीकडे ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड’ असे समजून निव्वळ कूलंट ओतणारे आहेत. कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा पाणी उष्णता जास्त चांगली वाहून नेते. ग्लायकॉल गोठण्यापासून आणि गंजापासून संरक्षण देते व उकळबिंदू वाढवते. निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि नागपूरला त्याची गरज नाही हे वेगळे सांगायला नको. म्हणून ४० टक्के योग्य प्रतीचे कूलंट आणि ६० टक्के डिस्टिल्ड पाणी हे प्रमाण मी वापरतो. त्याखाली जाऊ नये, कारण गंजरोधक घटक अपुरे पडतात आणि कंपनीही यापेक्षा कमी प्रमाण मान्य करत नाही. हिरवे, निळे आणि गुलाबी कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. जुने पाणी तपकिरी निघाले तर स्वच्छ येईपर्यंत इंजिन धुवावे. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, शक्यतो गाडीचे तोंड चढावर करून, हवा निघेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. हेडमध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा सेन्सरलाही फसवतो.

एक्सपान्शन टँकच्या निळ्या झाकणाकडे कोणीच पाहत नाही. ते बाहेरच्या हवेपेक्षा साधारण दीड बार जास्त दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली नुसते पाणीसुद्धा १२७ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर गेले की दाब टिकत नाही, मिश्रण १०४ च्या सुमारास उकळू लागते, आणि केवळ १०६ पर्यंत जाणारी, एरवी सुरक्षित असलेली गाडी अचानक पाणी बाहेर फेकते. झाकण बदलायला काही शे रुपये पुरतात, आणि हेड बेंड होऊन फेसिंगला (घासून सपाट करायला) पाठवण्याचा खर्च किती येतो हे आपल्याला कोणतेही गॅरेज सांगेल.

उष्णता कमी निर्माण होईल याकडेही पाहावे. ढोबळमानाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांसाठी उपयोगी पडतो, तेवढाच एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला बहुतेक भाग कूलंट व तेलात येतो. इनटेक हवा गरम असली की नॉक सेन्सर इग्निशनचे टायमिंग मागे घेतो, ताकद घटते आणि तेवढ्याच कामासाठी जास्त इंधन जळते. बोनेटखाली उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावलेला असेल तर तो गर्दीत ६०-७० अंशांची हवा ओढतो. मूळ बंद डबा परत बसवणे हा मला नेहमीच बरा पर्याय वाटत आलेला आहे, आवाजाची हौस थोडी बाजूला ठेवावी लागते इतकेच. स्कॅनरवर दीर्घकालीन फ्युएल ट्रिमही (ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली दुरुस्ती) पाहावा. तो +१० टक्क्यांच्या पुढे असेल तर मिश्रण पातळ होण्याकडे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडण्याकडे, झुकते आहे. व्हॅक्यूम होजला चीर, अशक्त इंधनपंप, घाण इंजेक्टर किंवा सध्याचे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल ही कारणे एकेक करून तपासावीत. रीमॅप कोणी, कोणत्या पेट्रोलवर केला होता हेही विचारून घ्यावे, कारण पूर्ण थ्रॉटलवर पातळ मिश्रण ठेवणारा मॅप कोणत्याही रेडिएटरला दाद देत नाही.

तेलाचे तापमान हा वेगळा विषय आहे आणि पाण्याच्या आकड्यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. सलग जोरात चालवताना कूलंट ९५ वर स्थिर असले तरी तेल १२० च्या पुढे जाऊ शकते. आपल्या इंजिनात तेलाच्या फिल्टरपाशी पाण्याने थंड होणारा छोटा कूलर आहे, आणि शहर व महामार्गाच्या वापराला तो पुरतो. आपण ट्रॅकवर जात असाल तरच हवेने थंड होणारा वेगळा ऑइल कूलर घ्यावा, तोही थर्मोस्टॅट असलेल्या जोडणीचा, नाहीतर हिवाळ्यात तेल कधी गरमच होत नाही. तेल ५डब्ल्यू-४० चे, फोक्सवॅगनच्या ५०२ ०० मानकाचे, आणि आपल्या उन्हाळ्यात पुस्तकातल्या मुदतीपेक्षा लवकर बदललेले असावे.

हे सर्व झाल्यावर थर्मोस्टॅटकडे यावे. तो काढून टाकण्याला माझा विरोध दोन कारणांनी आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाटही बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून तसाच परत इंजिनात जातो, आणि मग ‘थर्मोस्टॅट काढला तरी गाडी गरमच’ असे कोडे पडते. दुसरे कारण आपल्या इंजिनाला विशेष लागू आहे. कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही तोवर ईसीयू इंजिन अजून थंड आहे असे समजून जादा पेट्रोल देतो, ते सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते, तेलातली वाफ उडून जात नाही, आणि गाळ बनतो. १.८ टर्बोचे हे इंजिन तेलाचा गाळ साचून तेल ओढणाऱ्या नळीची (पिकअपची) जाळी चोंदण्यासाठी आधीच बदनाम आहे, आणि तिथून तेलाचा दाब घसरला की पहिला फटका टर्बोला बसतो. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे तापमान पहाटे १० च्या खाली उतरते. ७१ च्या थर्मोस्टॅटवर कार्यालयापर्यंतच्या छोट्या फेऱ्या करणारी गाडी त्या दिवसांत नीट तापणारच नाही, आणि उन्हाळ्याच्या भीतीपोटी केलेला बदल हिवाळ्यात इंजिन झिजवेल.

८० अंशांच्या थर्मोस्टॅटला मात्र माझा सरसकट विरोध नाही. पंखे, जाळी, फटी, पंप आणि झाकण हे सर्व ठीक झाल्यावर, म्हणजे रेडिएटरकडे क्षमता शिल्लक आहे हे सिद्ध झाल्यावर, रीमॅप केलेल्या आणि जोरात चालवल्या जाणाऱ्या गाडीत तो नॉकपासून थोडे जादा अंतर देतो. तो बसवताना पंख्यांचा थर्मोस्विचही कमी अंशांचा घ्यावा लागतो, अन्यथा मोकळ्या रस्त्यावर तापमान ८३ आणि सिग्नलवर पुन्हा तेच ९७, असे होऊन शहरात काहीच फरक पडत नाही. उलट पंख्याचा स्विच थर्मोस्टॅटच्याही खाली घेतला तर पंखे सतत फिरत राहून मोटर लवकर जाते. मूळ ८७ चा नवा थर्मोस्टॅट घालून भागत असेल, आणि आपल्या वापरात ते भागेल असे मला वाटते, तर मी तोच ठेवीन. निदान करताना एवढे लक्षात असू द्यावे की, या इंजिनात थर्मोस्टॅट रेडिएटरकडून परत येणाऱ्या खालच्या होजच्या बाजूला आहे. त्यामुळे तो उघडेपर्यंत खालचा होज थंड राहणे स्वाभाविक आहे आणि तेवढ्यावरून रेडिएटर चोंदल्याचा निष्कर्ष काढू नये.

बाकी लोकप्रिय उपायांपैकी बोनेटच्या मागच्या कडेला वॉशर घालून ती उचलण्यात अर्थ नाही, कारण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो आणि हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते. कूलंटमध्ये घालायच्या बाटल्यांचा परिणाम नगण्य असतो. टर्बोवर उष्णतारोधक आवरण घातल्याने बोनेटखालची हवा आणि वायरी यांना खरोखर दिलासा मिळतो, पण बिडाच्या मॅनिफोल्डला (एक्झॉस्टचे वायू गोळा करणाऱ्या भागाला) पट्ट्या गुंडाळू नयेत, त्याला तडे जातात. एसीचा गॅस गरजेपेक्षा जास्त भरलेला असेल तर कंडेन्सर विनाकारण तापतो, म्हणून तो वजनावर मोजूनच भरून घ्यावा.

दुरुस्तीनंतरची चाचणी नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, एसी लावूनच करावी. संध्याकाळच्या फेरीवरून काहीही सिद्ध होत नाही. चालत्या गाडीत कूलंट ८८ ते ९८ च्या दरम्यान राहिले आणि सिग्नलवर १०२-१०३ पर्यंत जाऊन पंख्याच्या दुसऱ्या वेगाने पाच अंश खाली आले, तर गाडी निरोगी आहे आणि तो आकडा आणखी उतरवण्यासाठी पैसे खर्च करू नयेत. १०८ ओलांडल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि पूर्ण पंख्यावर लावावा, मे महिन्यात ते असह्य वाटले तरीही. ११५ दिसल्यास गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, चावी फक्त इग्निशनवर ठेवून पंखे फिरू द्यावेत, आणि टँकचे झाकण किमान तासभर उघडू नये. पंख्यांचा पहिला वेग, कनेक्टरवरचे व्होल्टेज आणि फटी ही तीन कामे करून झाल्यावर स्कॅनरचे आकडे मला कळवावेत. वॉटर पंपासाठी इंजिनाचा पुढचा भाग लगेच खोलायचा की बेल्टच्या पुढच्या मुदतीपर्यंत थांबायचे, हे त्यावरून ठरवता येईल.